पायवाटांचा हक्क व मार्गांतर (चंद्रपूर व गडचिरोली जिल्हे)

खाजगी मालकीच्या जमिनीतून जाणारी सार्वजनिक अथवा वहिवाटीची पायवाट बंद करून तिच्याऐवजी दुसऱ्या जागेतून वाट काढून देणे, यास पायवाटेचे मार्गांतर म्हणता येईल. वरवर पाहता हा दोन शेजाऱ्यांमधील किरकोळ वाद दिसतो. तथापि महाराष्ट्राच्या पूर्व टोकाकडील चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत त्याला जमिनीच्या मालकीचा, वनव्यवस्थेचा आणि ग्रामीण उपजीविकेचा सु. दीडशे वर्षांचा इतिहास आहे. येथील पुष्कळ गावांत शेत, तलाव, जंगल, आठवडी बाजार व नदीचा उतार ही पाच ठिकाणे पायवाटांनीच गावाशी जोडलेली होती आणि अनेक ठिकाणी अद्याप आहेत. अशी वाट पाचशे पावलांनी सरकली, तरी मोहफुले, तेंदूपाने वा सरपणाची मोळी डोक्यावर घेऊन रोज ये-जा करणाऱ्या स्त्रीचा दिवस बदलतो. मार्गांतराचा विचार करताना जमीनमालकाच्या अडचणीइतकेच हेही लक्षात घ्यावे लागते.

वाटेचे कायदेशीर स्वरूप तीन प्रकारचे असते. पहिली सार्वजनिक वाट : तीवरून कोणीही जाऊ शकतो. दुसरी गावकीची रूढ वाट : तिचा हक्क विशिष्ट गावाच्या वा पाड्याच्या रहिवाशांपुरता असतो. तिसरी एका शेताच्या सोयीसाठी दुसऱ्या शेतातून जाणारी वाट. हिला सुविधाधिकार म्हणतात व तो हक्क व्यक्तीचा नसून जमिनीला चिकटलेला असतो. व्यवहारात एकाच वाटेवर हे तिन्ही हक्क एकमेकांवर चढलेले आढळतात. शेताला जाण्याची वाट पुढे जंगलाकडे जाते आणि तीच पलीकडच्या गावच्या बाजाराला मिळते. बहुतेक वादांचे मूळ या सरमिसळीत आहे.

भूस्वरूप व वाटांची घडण : वैनगंगेच्या दोन्ही काठांवरील, झाडीपट्टी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रदेशात भात हे मुख्य पीक आहे. भाताच्या खाचरांना येथे बांधी म्हणतात. पावसाळ्यात बांधीत पाणी साचलेले असल्यामुळे माणसे बांधावरून किंवा तलावाच्या पाळीवरून चालतात. धान निघाल्यावर हीच माणसे व बैलगाड्या मोकळ्या बांध्यांतून सरळ जातात. म्हणजे एकाच हक्काच्या दोन वाटा असतात, एक ओली व एक कोरडी. पाश्चात्त्य धर्तीच्या कायद्याने वाट ही नकाशावरील एक स्थिर रेषा मानली. झाडीपट्टीतील वाट मात्र ऋतूबरोबर हलते. पश्चिमेकडील वरोडा, राजुरा या भागांतील काळ्या जमिनीत स्थिती वेगळी आहे. तेथे दोन धुऱ्यांमधून जाणारी पांदण हीच प्रमुख वाट असून पावसाळ्यात ती चिखलाने बंद पडते आणि शेतकरी शेजाऱ्याच्या उभ्या पिकाच्या कडेने जाऊ लागतात. दक्षिणेस अहेरी, भामरागड व सिरोंचा या भागांत वाटा डोंगरधारा व नाले यांना धरून जातात. इंद्रावती, प्राणहिता व गोदावरी यांच्या पाण्यानुसार त्यांचे उतार बदलतात.

प्राचीन व मध्ययुगीन काळ : वाट अडविणे हा दंडनीय अपराध असल्याची जाणीव भारतात जुनी आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात माणसांची व लहान जनावरांची वाट दोन अरत्नी (सु. ०·९ मी.) रुंद सांगितली असून ती अडविणाऱ्यास १२ पण, मोठ्या जनावरांची वाट अडविणाऱ्यास २४ पण आणि हत्तींची वा शेताची वाट अडविणाऱ्यास ५४ पण दंड सांगितला आहे. दंडाची ही चढती श्रेणी पाहिली, तर शेताच्या वाटेला त्या काळी दिलेले महत्त्व स्पष्ट होते. चांद्याच्या गोंड राजांच्या काळात आणि १७५१ पासून नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली गावातील वाटांचे वाद गावचा पाटील व पंच यांच्यापुढे सुटत. लोकवस्ती विरळ आणि पडीक जमीन मुबलक असल्याने वाट वळविणे त्या वेळी कठीण नव्हते. कोणी नवी जमीन फोडली, की वाट आपोआप तिच्या कडेने जाऊ लागे. जमिनीला किंमत आली आणि तिची हद्द कागदावर उतरली, तेव्हाच मार्गांतर हा प्रश्न बनला.

मालगुजारी व वाजिब-उल-अर्ज : १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला. त्यानंतरच्या दशकात चांदा जिल्ह्याची पहिली नियमित जमाबंदी मेजर ल्यूसी-स्मिथ यांनी केली. तिचा अहवाल १८६९ चा आहे. या जमाबंदीने गावचा वसुली करणारा पाटील वा मोकासदार हा मालगुजार, म्हणजे गावाचा मालक, ठरविला गेला. गावठाण, तलाव, झुडपे, पडीक व वाटा हे सर्व त्याच्या मालकीत आले. पूर्वी जी वाट कोणाचीच नव्हती म्हणून सर्वांची होती, ती आता एका व्यक्तीच्या जमिनीवरील इतरांचा हक्क बनली. गोदावरीकाठचा सिरोंचा भाग १८७४ मध्ये चांदा जिल्ह्यास जोडण्यात आला. पूर्वेकडील व दक्षिणेकडील विस्तीर्ण प्रदेश जमीनदारांकडे होता व त्यांत अहेरीची जमीनदारी सर्वांत मोठी होती. जमीनदारी प्रदेशातील बऱ्याच भागांत तपशीलवार मोजणी उशिरा झाली. त्यामुळे तेथील वाटांना कागदी आधार दीर्घकाळ मिळालाच नाही.

मालगुजाराला मालकी देताना रयतेच्या रूढ हक्कांची नोंद ठेवणे सरकारला आवश्यक वाटले. या नोंदीस वाजिब-उल-अर्ज म्हणत. गावकऱ्यांना सरपण, गवत, माती, दगड कोठून घेता येईल, गुरे कोठे चारता येतील, तलावाचे पाणी कसे वाटावे आणि जाण्यायेण्याच्या वाटा कोणत्या, यांविषयीची गावची चाल तीत लिहिली जाई. घरगुती व शेतीच्या गरजा भागविण्याच्या या हक्कसमूहाला निस्तार हे नाव आहे. मुंबई इलाख्यातील रयतवारी गावांत या धर्तीचा दस्तऐवज नव्हता. गावाच्या रूढीला लेखी पुराव्याचे बळ मिळाले, हा विदर्भाचा विशेष होय. मात्र नोंद करताना मालगुजाराचे मत वजनदार ठरे आणि ‘गावकरी पूर्वीपासून जातात तसे जातील’ अशा धर्तीचे मोघम वाक्य नंतरच्या काळात न्यायालयात फारसे उपयोगी पडत नसे.

गावनकाशांचा पुरावाही मर्यादित आहे. मध्य प्रांतातील गावनकाशे १ मैलास १६ इंच या प्रमाणावर काढलेले असत. या प्रमाणात नकाशावरील एक इंच म्हणजे जमिनीवरील ३३० फूट. एक मीटर रुंदीची वाट त्यावर पाव मिलिमीटर भरते, म्हणजे पेनाच्या रेषेहूनही बारीक. वाट अमुक बांधाच्या उत्तरेस की दक्षिणेस, हे अशा नकाशावरून सांगता येत नाही. आणि भांडण तर नेमके तेवढ्याचेच असते. महाराष्ट्रातील महसूल व्यवहारात गावनकाशावर एकेरी तुटक रेषेने दाखविलेली पायवाट ८¼ फूट रुंद आणि दुहेरी तुटक रेषेने दाखविलेला गाडीमार्ग १६½ ते २१ फूट रुंद धरण्याचा प्रघात आहे.

सुविधाधिकार अधिनियम, १८८२ : हा अधिनियम प्रारंभी मद्रास, कूर्ग व मध्य प्रांत यांनाच लागू करण्यात आला. मुंबई इलाख्यास तो १८९१ मध्ये लागू झाला. म्हणजे चांद्याच्या शेतकऱ्याला हा कायदा पुण्याच्या शेतकऱ्याच्या आधी मिळाला. खाजगी जमिनीतील वाटेच्या हक्काचे स्वरूप आजही मुख्यतः याच अधिनियमावरून ठरते. शांततेने, उघडपणे, हक्क म्हणून आणि खंड न पडता २० वर्षे वापर केल्यास वाटेचा हक्क प्राप्त होतो. जमीन शासनाची असल्यास ही मुदत पूर्वी ६० वर्षे होती. १९६३ च्या मुदत अधिनियमानंतर ती ३० वर्षे झाली. जमिनीची वाटणी वा विक्री होऊन एखाद्या तुकड्याला दुसरी वाटच उरली नाही, तर निकडीची वाट मागता येते. ती कोठून द्यावयाची हे प्रथम देणाऱ्याने ठरवावयाचे असते. परंतु ती घेणाऱ्यास वाजवी सोयीची असली पाहिजे आणि देणाऱ्याने टाळाटाळ केली, तर घेणाऱ्याने ती आखून घ्यावी, अशी तरतूद आहे.

मार्गांतराच्या दृष्टीने बाविसावे कलम महत्त्वाचे आहे. हक्कदाराने आपला हक्क जमीनमालकाला कमीत कमी त्रास होईल अशा रीतीने वापरावा आणि हक्कदाराचे नुकसान न होता वाट जमिनीच्या एका निश्चित भागापुरती मर्यादित करता येत असेल, तर मालकाच्या मागणीवरून ती तशी करावी, असे त्यात म्हटले आहे. बांधीच्या मधून जाणारी वाट धुऱ्यावर नेण्याची मागणी या कलमात बसू शकते. एकदा निश्चित झालेली वाट मात्र मालकाला एकतर्फी हलविता येत नाही. उलट बाजूस, वाट अडविली गेली तरी हक्कदाराने स्वतः ती मोकळी करावयाची नसते, असेही हा अधिनियम बजावतो. गावात याच्या नेमके उलट घडते : मालक रात्रीतून काटे लावतो व सकाळी लोक ते उपसून फेकतात, कायद्याच्या दृष्टीने दोघेही चुकतात आणि प्रकरण पोलिसांकडे जाते.

अधिनियमातील ‘हक्क म्हणून’ या शब्दांनी येथील गावांची मोठी अडचण केली. संमतीने दिलेल्या वाटेवर कितीही वर्षे चालले, तरी हक्क निर्माण होत नाही. ज्या समाजात शेजाऱ्याला वाट नाकारणे हा कमीपणा समजला जातो, तेथे बहुतेक वाटा संमतीच्याच असतात. म्हणजे मालकाचे सौजन्य हेच पुढे वाटसरूच्या विरुद्ध पुरावा ठरते. पंचांसमोर झालेल्या मार्गांतरात हा धोका दुणावतो. जुनी वाट नांगरली जाते व लोक खुशीने नव्या वाटेने जाऊ लागतात. जुन्या वाटेवरील हक्क सोडून दिल्याचे मानले जाऊ शकते. वीस वर्षे न वापरल्यास तर तो निश्चितच संपतो. नवी वाट परवानगीची असल्यामुळे तिच्यावर हक्क उत्पन्न होत नाही. दरम्यान जमीन विकली गेली आणि नव्या मालकाने कुंपण घातले, तर गावाच्या हाती जुनी वाटही नसते आणि नवीही नसते. अशा तडजोडीचा लेख करून तो नोंदविणे आणि अधिकार अभिलेखात त्याची नोंद घेणे हाच त्यावर उपाय आहे. परंतु पायवाटेसाठी मुद्रांक व नोंदणीचा खर्च करण्यास सहसा कोणी तयार नसते.

राखीव वने व वाटा : मालगुजारी गावांना मालकी देताना मशागतीच्या क्षेत्राच्या ठराविक पटीहून अधिक असलेली पडीक जमीन सरकारने स्वतःकडे ठेवली. तिच्यातून सरकारी वने निर्माण झाली आणि १८७८ च्या वन अधिनियमाखाली ती राखीव करण्यात आली. त्यामुळे वनाची हद्द गावांच्या रोजच्या वापराच्या प्रदेशातून गेली. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमात राखीव वन घोषित करण्यापूर्वी वनजमाबंदी अधिकाऱ्याने हक्कांची चौकशी करावयाची असते आणि ज्यांविषयी मागणीच आली नाही असे हक्क संपुष्टात येतात. जमिनीवरील हक्काच्या निर्णयाच्या कलमातून (कलम ११) वाटेचा हक्क वगळलेला आहे. त्यापुढील कलम चराई व वनोत्पन्न यांपुरते आहे. वाटेचा विचार स्वतंत्रपणे कलम २५ मध्ये येतो. त्यानुसार वनाधिकाऱ्यास शासनाच्या पूर्वमान्यतेने राखीव वनातील कोणतीही सार्वजनिक वा खाजगी वाट बंद करता येते. मात्र तिच्याऐवजी शासनास वाजवी सोयीची वाटेल अशी दुसरी वाट आधीपासून असली पाहिजे किंवा वनाधिकाऱ्याने ती तयार करून दिली पाहिजे. १८७८ च्या अधिनियमातही अशीच तरतूद होती.

वन अधिनियमाचा उल्लेख सामान्यतः लोकांचे हक्क हिरावणारा कायदा म्हणून होतो आणि त्याला पुरेसा आधारही आहे. तथापि वाट बंद करण्यापूर्वी पर्यायी वाट देण्याची स्पष्ट अट घालणारे कलम प्रथम याच कायद्यात येते, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही. अडचण अंमलबजावणीत आहे. रीतसर आदेश काढून वाट बंद झाली, तर पर्यायाचा प्रश्न उद्भवतो. परंतु रोपवनाभोवती कुंपण घालून वा चर खणून वाट प्रत्यक्षात तुटते, तेव्हा कोणताही आदेश निघालेला नसतो. मग त्या जुन्या वाटेने जाणारा मनुष्य हक्कदार न राहता अनधिकृत प्रवेश करणारा ठरू शकतो.

मालगुजारीचे उच्चाटन : मध्य प्रदेश मालकी हक्क निर्मूलन अधिनियम, १९५० हा ३१ मार्च १९५१ पासून अमलात आला आणि मालगुजार व जमीनदार यांचे हक्क शासनाकडे आले. शासनाकडे निहित झालेल्या गोष्टींच्या यादीत वने, तलाव, उतारघाट, गावठाणे व बाजार यांच्याबरोबर पायवाटांचाही स्पष्ट उल्लेख होता. गावतलाव ‘माजी मालगुजारी’ तलाव झाले आणि त्यांच्या पाळीवरील वाटा शासकीय झाल्या. परंतु मालगुजाराच्या घरच्या शेतीची जमीन, म्हणजे सीर व खुदकास्त, त्याच्याकडेच मलिक-मकबूजा हक्काने राहिली. गावालगतची व तलावाखालची उत्तम जमीन बहुधा सीर असे आणि तलावाकडे, जंगलाकडे जाणाऱ्या वाटा तिच्यातूनच गेलेल्या असत. मालगुजाराच्या काळात या वाटा निस्ताराच्या नावाने चालत. १९५१ नंतर निस्तार शासकीय जमिनीपुरता पाहिला जाऊ लागला आणि सीर जमिनीतील वाटेची नोंद वाजिब-उल-अर्जमध्ये नेमकी नसेल, तर ती वाट मालकाच्या मर्जीवर राहिली. पुढे या जमिनी विकल्या गेल्या, वाटल्या गेल्या. गेल्या सत्तर वर्षांतील पायवाटांच्या अनेक तंट्यांचे मूळ या एका फटीत शोधता येते.

सद्यःकालीन महसूल कायदा : १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, तरीही १९५४ ची मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता येथे चालू राहिली. १५ ऑगस्ट १९६७ पासून महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ लागू झाली. निस्तारपत्रक व वाजिब-उल-अर्ज यांविषयीचे तिचे प्रकरण केवळ विदर्भास लागू आहे. निस्तारपत्रक शासकीय जमिनीतील सोयींविषयी असते. खाजगी जमिनीतील जलसिंचन, वाट व अन्य सुविधाधिकार यांविषयीची गावची रूढी कलम १६५ खालील वाजिब-उल-अर्जमध्ये नोंदविली जाते. तिच्यामुळे बाधा पोहोचलेल्या व्यक्तीस एक वर्षाच्या आत दिवाणी दावा लावता येतो. अन्यथा नोंद निर्णायक ठरते. गावाच्या बाजूने इतके समर्थ असे दुसरे साधन संहितेत नाही, आणि त्याचाच वापर सर्वांत कमी होतो.

प्रत्यक्षात तहसील कार्यालयात येणारी बहुतेक प्रकरणे कलम १४३ खालील असतात. एका भूमापन क्रमांकाच्या धारकाने दुसऱ्या क्रमांकांच्या हद्दीवरून वाट मागितल्यास शेतात जाण्याची त्याची वाजवी गरज पाहून तहसीलदार निर्णय देतो. ही वाट बांधावरूनच द्यावयाची असल्याने जुनी, शेताच्या मधून गेलेली पायवाट धुऱ्यावर सरकविण्याचे काम या कलमाद्वारे होते. तथापि ते शेतकऱ्यासाठी आहे. बाजाराला, शाळेला वा जंगलात जाणाऱ्या भूमिहीनास त्याखाली अर्ज करता येत नाही. वाट अडविल्यास मूळच्या मुंबई प्रांतातील मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली सहा महिन्यांच्या आत दाद मागता येते. सार्वजनिक वाटेवरील अडथळा दूर करण्याचा अधिकार ग्रामपंचायतीस १९५८ च्या अधिनियमाने आहे. शांतताभंगाची शक्यता असल्यास दंडाधिकारीही हस्तक्षेप करतो. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील या तरतुदी १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत गेल्या आहेत.

सार्वजनिक वाटा कलम २० नुसार शासनाच्या मालकीच्या आहेत. लोकांना एखाद्या वाटेची गरज उरली नाही असे दिसल्यास जिल्हाधिकारी राजपत्रात प्रसिद्धी देऊन, हरकती ऐकून, तिच्यावरील हक्क कलम २१ खाली संपुष्टात आणू शकतो. या कलमाचा रोख वाट नष्ट करण्यावर आहे, वळविण्यावर नाही. इंग्लंडमध्ये १९४९ च्या अधिनियमाने प्रत्येक परगण्यातील पायवाटांचे अधिकृत नकाशे तयार करण्याचे ठरले आणि १९८० च्या महामार्ग अधिनियमाखाली जमीनमालकाच्या हितासाठी वाट वळविता येते. मात्र नवी वाट लोकांना लक्षणीय रीत्या कमी सोयीची असता कामा नये, ही कसोटी आहे. महाराष्ट्राच्या महसूल संहितेत अशी कसोटी लिहिलेली नाही; ‘वाजवी सोय’ हे शब्द येथे वन अधिनियमातून वा सुविधाधिकार अधिनियमातून उसने घ्यावे लागतात.

अभयारण्ये व खाणी : ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ मध्ये, अंधारी अभयारण्य १९८६ मध्ये घोषित झाले व १९९५ मध्ये दोहोंचा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. ताडोबा तलावाच्या काठी तारू या आदिवासी देवतेचे स्थान असून पौष महिन्यात तेथे जत्रा भरत आली आहे. उद्यान झाल्यानंतर त्या स्थानाकडे जाणाऱ्या वाटा वहिवाटीच्या न राहता परवानगीच्या झाल्या. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये अभयारण्यातून सार्वजनिक हमरस्त्याने जाणाऱ्यास मुभा आहे. पायवाट हा हमरस्ता होय की नाही, हे अधिनियम सांगत नाही. कलम २५ मध्ये मात्र सार्वजनिक वाट बंद होत असल्यास जिल्हाधिकाऱ्याने शासनाच्या मान्यतेने, शक्य तेथवर, पर्यायी वाट देण्याची तरतूद आहे. २००७ पासून बोटेझरी व कोळसा (अंशतः), पुढे नवेगाव व जामणी या गावांचे पुनर्वसन झाले. गाव उठले, की त्याच्या वाटाही नकाशापुरत्या उरतात. पण त्याच वाटांनी पलीकडे जाणाऱ्या, न उठलेल्या गावांचे अंतर त्यामुळे वाढते.

वाघांची संख्या वाढल्यानंतर, विशेषतः ब्रह्मपुरी वनविभागात, पर्यायी वाटेचा विचार केवळ अंतरावर करणे अपुरे ठरले आहे. शेतमालक रानडुकरांपासून पीक वाचविण्यासाठी जाळीचे वा सौर कुंपण घालतो. त्याचे नुकसान खरे असते व त्याची तक्रारही रास्त असते. परंतु शेतातून जाणारी मोकळी वाट कुंपणाबाहेर ढकलली, की ती जंगलाच्या कडेने जाते. नवी वाट जुनीपेक्षा दोनशे मीटरच लांब असेल. पण पहाटे मोहफुले वेचण्यास निघालेल्या माणसाला ती दाट झुडपांतून नेते. वाटेच्या जागी कुंपणाला फाटक ठेवणे हा साधा उपाय अनेक वाद टाळू शकतो.

चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा व वरोडा या पट्ट्यात दगडी कोळशाच्या उघड्या खाणींनी वाटांचा प्रश्न वेगळ्याच रीतीने सोडविला आहे. १९५७ च्या कोळसाक्षेत्र संपादन अधिनियमाखाली जमीन सर्व बोजांपासून मुक्त होऊन निहित होते; वाटेचा हक्क हा असाच एक बोजा असल्याने तोही संपतो. मोठे रस्ते वळवून बांधले जातात. पायवाटांची मात्र गणनाच होत नाही आणि मातीच्या ढिगाऱ्यापलीकडचे शेत मालकाचे असूनही त्याला दुरावते.

ग्रामसभा व वनहक्क : १९८० च्या वन (संवर्धन) अधिनियमामुळे वनजमिनीचा वनेतर वापर केंद्र शासनाच्या मान्यतेवाचून करता येत नाही. त्यामुळे खाजगी शेतातील वाट काढून शेजारच्या वनजमिनीतून नेणे, हा पूर्वीचा सर्वांत सोपा मार्ग बंद झाला. विदर्भात झुडपी जंगल म्हणून नोंदलेल्या जमिनीही वन समजाव्यात, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केल्याने गावालगतच्या पडिकातील वाटांनाही हा निर्बंध येऊन भिडतो. २००६ च्या वनहक्क अधिनियमाने यातून काही वाट काढली आहे. निस्तार हा सामूहिक हक्क म्हणून, जमीनदारी काळातील हक्कांसह, मान्य झाला. तसेच रस्त्यासारख्या सोयीसाठी ग्रामसभेच्या शिफारशीने प्रत्येक प्रकरणी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ हून अधिक झाडे तोडावी लागणार नसतील तर, देता येते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सु. १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. अशा गावांत वनातील वाट कोठून जावी, याचा विचार प्रथमच ग्रामसभेत होऊ शकतो. खाजगी जमिनीवर मात्र ग्रामसभेचा हा अधिकार पोहोचत नाही.

राज्य शासनाने २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना सुरू केली आणि २०२५ मध्ये शेतरस्ते किमान तीन ते चार मीटर रुंद करून सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात त्यांची नोंद घेण्याचे धोरण जाहीर केले. नोंदीचा आग्रह स्वागतार्ह आहे. परंतु हे धोरण ट्रॅक्टर व कापणीयंत्र यांना समोर ठेवून आखलेले आहे. माणसाच्या पायाखालची एक मीटर रुंदीची वाट, जिच्यासाठी ना संपादन लागते ना डांबर, ती या योजनेच्या मापात बसत नाही; आणि तीन मीटरची पट्टी मागितली, की एक मीटर देण्यास तयार असलेला शेतकरीही आपली हद्द मोजून घेण्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करतो.